दुष्काळाने घडविलेली पंडिता

दौंडहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीने मी रोज महाविद्यालयात येते. वाटेत केडगाव लागते. गाडी तेथे थोडा वेळ थांबते, माणसे चढतात-उतरतात आणि गाडी पुढे निघते. पहिले वर्ष संपेपर्यंत केडगाव हे माझ्या लेखी केवळ एक स्टेशन होते. बसायला जागा मिळाली तर येथे मिळायची, नाही तर पुण्यापर्यंत उभेच राहायचे, एवढाच त्याचा अर्थ. इतिहासाच्या तासाला समाजसुधारकांची माहिती सांगताना सरांनी पंडिता रमाबाईंचे नाव घेतले आणि त्यांचे मुक्तिसदन याच केडगावला आहे, असे ओघात सांगितले. त्या दिवशी परतताना मी खिडकीतून प्रथमच त्या स्टेशनकडे नीट पाहिले.

घरी आजीला ही हकीकत सांगितली. आजी निरक्षर आहे. तिने एवढेच विचारले की, ज्या बाईने धर्म सोडला त्या बाईचे नाव कॉलेजात कशाला शिकवितात? मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी ग्रंथालयात रमाबाईंविषयी मिळेल ते वाचू लागले. हा लेख म्हणजे आजीला द्यायचे राहून गेलेले ते उत्तर आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कोकणस्थ ब्राह्मण, मोठे संस्कृत पंडित. तरुणपणी पुण्यात शिकत असताना आपले गुरू पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवितात हे त्यांनी पाहिले होते. स्त्रीला विद्या येऊ शकते, हा विचार तेथून त्यांच्या मनात रुजला. पुढे त्यांनी आपल्या दुसऱ्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले. समाजाने आक्षेप घेतला तेव्हा धर्मसभेपुढे उभे राहून त्यांनी शास्त्राधारे आपली बाजू मांडली; परंतु शेवटी रानात जाऊन संसार थाटावा लागला. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना हे कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडले. वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांना नेण्यात आले. तेव्हापासून सोळा वर्षे त्यांना घर असे नव्हतेच. देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगायचे, ऐकणारे जे देतील त्यावर निर्वाह करायचा आणि पुढचे तीर्थ गाठायचे, असा त्यांचा क्रम होता. या भटकंतीतच आईने मुलीला संस्कृत शिकविले. पंधरा वर्षांच्या वयात भागवतातले हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते.

आणि मग दुष्काळ आला. १८७४च्या सुमारास दक्षिणेत हे कुटुंब अन्नाला महाग झाले. जवळची भांडी, दागिने विकून दानधर्म आणि व्रते केली. देव प्रसन्न होईल म्हणून मूर्तीपुढे दिवस काढले. पैसे संपले, अन्न संपले. लिखापढी सोडली तर कोणतेही काम करण्याची सवय नव्हती, आणि भीक मागणे कमीपणाचे वाटत होते. रानातला पाला आणि रानफळे खाऊन दिवस निघेनात, तेव्हा आंधळ्या झालेल्या वृद्ध अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले. मुलाने मजुरी करीन म्हणून सांगितल्यावर तो बेत राहिला; परंतु थोड्याच दिवसांत ते गेले. काही आठवड्यांनी आई गेली. आईच्या प्रेताला खांदा द्यायला माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण आले. तिसरा भाऊ, चौथ्या रमाबाई. उंची कमी असल्यामुळे त्यांना तिरडीचा आपला भार खांद्यावर नव्हे, डोक्यावर घ्यावा लागला. मसणवट तीन मैल दूर होती. त्या वेळी त्यांचे वय सोळा होते.

हे वाचले तेव्हा मला आजीचा १९७२चा दुष्काळ आठवला. आजी तेव्हा लहान होती. आईबरोबर ती रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. तेथे मिळणाऱ्या सुकडीची चव तिला अजून आठवते. त्या वर्षाविषयी ती फारसे बोलत नाही. मात्र ताटात भाकरीचा तुकडा टाकलेला तिला अजूनही खपत नाही. दुष्काळ पाहिलेले माणूस वेगळे असते, हे मला घरातच दिसते. म्हणून रमाबाईंच्या पुढल्या आयुष्याची किल्ली या सोळाव्या वर्षात आहे असे मला वाटते.

मोठी बहीणही गेली. उरली दोघे भावंडे, श्रीनिवासशास्त्री आणि रमाबाई. दोघे पायी हिंडत पार पंजाबपर्यंत गेली. थंडीत पांघरूण नव्हते. झेलम नदीच्या काठी त्यांनी वाळूत खड्डे केले आणि मानेपर्यंत अंगावर कोरडी वाळू ओढून रात्र काढली. शास्त्रात सांगितले तसे सर्व काही केले, तरी देव का पावला नाही, हा प्रश्न याच काळात त्यांच्या मनात घर करून बसला. विश्वास गेला, पण त्या जागी दुसरे काही आले नाही.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृतात बोलते हे पाहून तेथले विद्वान थक्क झाले. त्यांची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या देण्यात आल्या. त्या दिवसांतली एक मजेदार गोष्ट आहे. ही भावंडे एका ख्रिस्ती मेळाव्याला गेली. प्रार्थनेच्या वेळी मंडळी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून बसली. हे लोक खुर्च्यांची पूजा करतात, असेच रमाबाईंना वाटले. तेथे त्यांना संस्कृत बायबल भेट मिळाले, पण त्यातून काही बोध झाला नाही. पुढे केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हाती वेद दिला. स्त्रियांना उपदेश करता यावा म्हणून त्या धर्मशास्त्रे वाचू लागल्या. बाकी सर्व बाबतींत ग्रंथाग्रंथांत मतभेद, पण स्त्री आणि शूद्र हीन आहेत व त्यांना स्वतःच्या बळावर मोक्ष नाही, या बाबतीत मात्र सर्वांचे एकमत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो सर्वांना पटेल असे नाही. परंतु तो काढणारी बाई हे ग्रंथ मुळातून वाचून बोलत होती, हे विसरता येत नाही.

१८८० साली भाऊही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते शूद्र मानल्या गेलेल्या जातीतले होते. संसार सिल्चरला होता. तेथे पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि त्यांनी ती उत्सुकतेने वाचली. पत्नीची ही ओढ पतीला फारशी रुचली नाही. १८८१ साली मुलगी झाली; तिचे नाव मनोरमा. १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर दहा महिन्यांचे मूल आणि माहेर नाही, सासर नाही.

त्या वर्षी त्या पुण्यास आल्या. रानड्यांसारख्या सुधारकांच्या पाठिंब्याने त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्री धर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर आणि स्त्री शिक्षक हवेत असे आग्रहाने सांगितले. स्वतः डॉक्टर व्हावे ही इच्छा होती. पुस्तकाच्या विक्रीचे पैसे गाठीला बांधून १८८३ साली त्या मुलीसह इंग्लंडला गेल्या. पण तेथे कानाने दगा दिला. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकीय शिक्षण घेता येणार नाही, हे निश्चित झाले.

वाँटेज या गावी त्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहत होत्या. या भगिनींचे लंडनमध्ये फुलहॅम येथे एक केंद्र होते. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे आसरा देत असत. रमाबाई ते पाहायला गेल्या. ज्या स्त्रियांची सावलीही घरंदाज बायकांनी चुकविली असती, त्यांची शुश्रूषा या भगिनी मायेने करीत होत्या आणि त्या स्त्रिया पुन्हा माणसांत येत होत्या. असे त्यांनी पूर्वी कोठे पाहिले नव्हते. हे का करता, असे विचारल्यावर एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. विहिरीवर एकटी पाण्याला आलेली, लोकांनी वाळीत टाकल्यासारखी बाई आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. तो तिचा तिरस्कार करीत नाही. माझ्या मते रमाबाईंचे मन वळले ते या ठिकाणी. सिद्धान्त त्यांनी आधी पुष्कळ ऐकले होते. निळकंठशास्त्री गोरे या स्वतः ख्रिस्ती झालेल्या विद्वानांच्या पत्रांचाही त्यांच्यावर परिणाम झाला. परंतु ज्या देवाजवळ टाकलेल्या बाईला जागा आहे तो देव त्यांना फुलहॅमच्या त्या खोल्यांत दिसला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात वादळ उठले. पण येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. रमाबाईंनी धर्म बदलला. बुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नाही. बिशप सांगतात म्हणून किंवा मठ सांगतो म्हणून एखादी गोष्ट मान्य करण्यास त्या नकार देत. शास्त्र्यांच्या बंधनातून सुटून पाद्र्यांच्या बंधनात अडकायचे नाही, असा त्यांचा बाणा होता. त्या अखेरपर्यंत शाकाहारी राहिल्या. इंग्लंडमधल्या भगिनी त्यांना हट्टी म्हणत आणि पुण्यातले लोकही. दोन्हीकडच्यांचे एकमत झालेली ही एकच बाब असावी!

१८८६ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या पदवीदान समारंभाला रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ साली निघाले. गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. पहिल्या विद्यार्थिनींत एक बालविधवा होती, गोदूबाई. १८९३ साली तिचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. आज आपण मुली कॉलेजात बसतो त्यामागे कर्व्यांचे कार्य आहे हे सर्वांना ठाऊक आहे. त्या घराचा एक धागा शारदा सदनातून येतो हे मात्र थोड्यांना ठाऊक असते.

त्याच १८९३ साली मोठा आघात झाला. सदनात धर्माच्या बाबतीत सक्ती नव्हती. ज्या मुलींना सोवळेओवळे पाळायचे त्यांना ते पाळता येई. परंतु रमाबाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. यावरून वृत्तपत्रांतून, विशेषतः केसरीतून, कडाडून टीका झाली. रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. दार लावून घेतले असते तर कदाचित संस्था सुखाने चालली असती. रमाबाईंनी दार लावले नाही. या काळाविषयी त्यांनी स्वतः नोंदविले आहे की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी सापडला. बाप्तिस्मा घेतला आणि दुःख संपले, असे त्यांच्या बाबतीत झाले नाही. आशाही एकदम मिळाली नाही, हळूहळू मिळाली.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंचे वय तेव्हा अडतीस होते. बातम्या वाचताना त्यांना आपला दुष्काळ, आपली आई आठवली. जवळ पैसा नव्हता. तरी त्या निघाल्या आणि दुष्काळी छावण्यांतून, रस्त्यांवरून अनाथ मुली व विधवा घेऊन आल्या. तीनशे मुली वाचवायच्या असा त्यांनी मनाशी संकल्प केला होता. पुण्यात प्लेगची साथ सुरू असल्याने या मुलींना शहरात ठेवण्यास मनाई झाली. तेव्हा केडगावला सदनाच्या उत्पन्नासाठी घेतलेली सुमारे शंभर एकर जमीन कामी आली. माळावर तंबू आणि छपरे उभी राहिली. मुक्तिसदनाची ही सुरुवात. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेथूनही मुली आल्या. संख्या सुमारे दोन हजारांवर गेली.

दोन हजार माणसांना रोज दोन वेळा जेवू घालणे म्हणजे काय, याचा विचार करावा. विहिरी खणल्या. शेती, दुग्धालय, तेलाचा घाणा, विणकाम, शिवणकाम, छापखाना अशी कामे निघाली आणि ती बायकाच करू लागल्या. अंध मुलींसाठी ब्रेलचे शिक्षण सुरू झाले. त्यात मनोरमाबाईंचा वाटा मोठा. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. फुलहॅमला पाहिलेले ते आता केडगावच्या माळावर उभे होते. प्लेगच्या दिवसांत सरकारी व्यवस्थेत स्त्रियांचे हाल झाले तेव्हा याच बाईंनी जाहीर पत्र लिहून इंग्रज सरकारला जाब विचारला आणि तो प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. राज्यकर्त्यांचा धर्म घेतला म्हणून त्यांचे मिंधेपण घेतले, असा आरोप करणाऱ्यांनी ही गोष्ट पाहावी.

एक प्रश्न मात्र मला टाळता येत नाही. या मुलींपैकी बहुसंख्य ख्रिस्ती झाल्या. भुकेल्याला भाकरी देणाऱ्याचा धर्म भुकेल्याने स्वीकारला तर त्याला मोकळी निवड म्हणावे काय? आमच्या वर्गात यावर वाद झाला तेव्हा कोणाचेच समाधान झाले नाही. हा प्रश्न रास्त आहे असे मला वाटते. पण त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न ठेवावा लागतो. त्या मुली रस्त्यावर मरत होत्या तेव्हा त्यांच्या धर्माची काळजी करणारे कोठे होते? सोळा वर्षांच्या रमाबाईंना आईच्या तिरडीसाठी चौथा खांदेकरी मिळाला नव्हता. दोन्ही प्रश्न मनात ठेवूनच रमाबाईंकडे पाहिले पाहिजे.

उतारवयात त्यांनी आणखी एक काम हाती घेतले. त्या वेळचे मराठी बायबल संस्कृतप्रचुर होते. मुक्तिसदनातल्या खेडवळ बायकांना ते कळत नसे. तेव्हा त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व मुळावरून साध्या मराठीत भाषांतर करू लागल्या. ज्यांना कालपर्यंत अक्षर ठाऊक नव्हते त्या बायकांनी त्याचे खिळे जुळविले. एके काळी संस्कृताच्या बळावर पंडिता झालेल्या या बाईने शेवटची अनेक वर्षे आपल्या भाषेतले संस्कृत काढून टाकण्यात घालविली. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. वडील, आई, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक मुलगी. तरीही रमाबाईंनी भाषांतराचे काम हातावेगळे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांनी देह ठेवला. मुक्तिसदनाचे कार्य आजही चालू आहे.

मी ख्रिस्ती नाही. धर्मांतराच्या प्रश्नावर निवाडा देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु जगात जिकडेतिकडे युद्ध, महागाई, बेकारी यांच्या बातम्या वाचून आपण मुले कॉलेजच्या कट्ट्यावर बसून आता काही खरे नाही असे म्हणतो, तेव्हा मला केडगाव आठवते. दुष्काळात रमाबाईंचा विश्वास मेला आणि दुसऱ्या दुष्काळात त्याच बाई धावत गेल्या. मधल्या वीस-बावीस वर्षांत काय घडले? मला वाटते, आपण टाकलेले नाही, आपल्यालाही कोणी हाक मारली आहे, हे त्यांना पटले. त्यांची आशा म्हणजे उद्या बरे होईल असा अंदाज नव्हता. पुढल्याच वर्षी प्लेग आला, पुन्हा दुष्काळ आला. आपल्याला उचलून घेणारा एक आहे, म्हणून आपण दुसऱ्याला उचलायचे, इतकी साधी ती आशा होती. तिला त्यांनी येशूचे नाव दिले आणि त्याचा कधी संकोच केला नाही.

परवा रात्री आजीला मी हे सारे सांगितले. धर्माविषयी ती काही बोलली नाही. तिरडी डोक्यावर घेतल्याचा प्रसंग मात्र तिने दोनदा सांगायला लावला. मग त्या दोन हजार पोरींचा स्वयंपाक कोण करीत असे, हे तिने विचारले. त्याच करीत, असे मी सांगितले. आजी बराच वेळ गप्प होती. झोपण्यापूर्वी म्हणाली की, एकदा येताना केडगावला उतरू, मला ती जागा दाखव. या सुट्टीत आम्ही दोघी जाणार आहोत.